गावचा आराखडा आणि गावचा आवाज: रहिवाशांचे गट नेमकं काय करू शकतात?

गावाजवळून बायपास जाणार, डोंगरउतारावर वसाहत उभी राहणार, गायरानावर प्रकल्प येणार, ही बातमी गावाला बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी कळते. मोजणीवाले शिवारात येऊन खुणा रोवतात, मग चौकशी सुरू होते. तोवर अधिसूचना निघालेली असते आणि हरकतींची मुदतही संपत आलेली असते. मग घाईघाईनं समिती स्थापन होते, मोर्चा निघतो, निवेदन दिलं जातं.

गोवा, बेळगाव परिसर आणि महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत असे अनेक गट उभे राहिले. कुठे त्यांना बचाव समिती म्हणतात, कुठे संघर्ष समिती, कुठे ग्रामविकास मंच, तर कुठे नुसता अभ्यासगट. काहींना यश आलं, काही विरून गेले. त्यांच्या अनुभवातून एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा दिसते. विरोध करून आराखडा थांबवता येतो, पण गावाच्या मनासारखा आराखडा हवा असेल तर गावाचं म्हणणं मुदतीत, कागदावर आणि नकाशावर मांडावं लागतं. ते नोंदलं गेलं की नाही, हेही स्वतःच तपासावं लागतं.

हा लेख त्या कामाची माहिती देण्यासाठी आहे. कायद्यानं गावाला कोणते दरवाजे दिले आहेत, ते राज्यागणिक कसे बदलतात आणि रहिवाशांच्या गटानं नेमकं कुठे उभं राहायचं, हे इथे क्रमानं पाहू.

कायद्याचा पाया

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिनं ग्रामसभेला घटनेत जागा दिली. गावाच्या मतदारयादीत ज्याचं नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. त्यासाठी कुणाच्या आमंत्रणाची गरज नाही. घटनेच्या कलम २४३-छ नुसार आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय यांसाठी योजना तयार करण्याचं काम राज्य सरकार पंचायतींकडे देऊ शकतं. त्यासाठीच्या अकराव्या परिशिष्टात शेती, पिण्याचं पाणी, रस्ते, प्राथमिक शिक्षण असे २९ विषय आहेत.

'देऊ शकतं' हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. घटनेनं चौकट दिली, पण किती अधिकार द्यायचे हे प्रत्येक राज्याच्या पंचायत कायद्यावर सोडलं. त्यामुळे सीमेच्या अलीकडच्या गावातला नियम पलीकडच्या गावात चालेलच असं नाही. नात्यागोत्यानं जोडलेल्या दोन गावांतल्या लोकांनी एकमेकांचा अनुभव जरूर विचारावा, पण कायदा आपापल्या राज्याचाच वाचावा.

चौदाव्या वित्त आयोगानं २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामपंचायतींना मिळून सुमारे दोन लाख कोटी रुपये देण्याची शिफारस केली. त्यासोबत प्रत्येक ग्रामपंचायतीनं स्वतःचा विकास आराखडा करावा अशी पद्धत आली. महाराष्ट्रात ती 'आमचा गाव, आमचा विकास' या नावानं आली, तर कर्नाटकात 'नम्म ग्राम नम्म योजने' या नावानं. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच. गावानं आपल्या गरजा स्वतः ठरवायच्या, त्यांचा क्रम लावायचा आणि ग्रामसभेत मंजूर करून घ्यायच्या.

आराखडे दोन असतात, घोळ इथेच होतो

अनेक गावांत ग्रामसभा तावातावानं होते, ठरावही होतो, आणि नंतर कळतं की तो विषय ग्रामसभेच्या हातातच नव्हता. याचं कारण म्हणजे गावाच्या बाबतीत दोन वेगळे आराखडे चालू असतात.

पहिला पैशाचा आराखडा. गटार कुठे बांधायचं, शाळेची भिंत आधी की पाण्याची टाकी आधी, हे त्यात येतं. हा ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, आणि इथे ग्रामसभेचा शब्द चालतो. मात्र त्यालाही मर्यादा आहेत. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ नंतरच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधून टाकला. त्या निधीपुरतं पाहिलं तर गावाला मोकळेपणानं ठरवता येईल असा भाग ४० टक्केच उरला.

दुसरा जमिनीचा आराखडा. कुठली जमीन शेतीसाठी राहील, कुठे वसाहत होईल, कुठे कारखाने येतील, मोठा रस्ता कुठून जाईल, हे त्यात ठरतं. तो नगरनियोजन खातं किंवा एखादं प्राधिकरण तयार करतं. तिथे ग्रामसभेला थेट नकाराधिकार बहुधा नसतो. गावाला तिथे हरकती आणि सूचना देण्याचा अधिकार असतो, आणि त्याला मुदत असते.

रहिवाशांच्या गटानं पहिल्याच बैठकीत स्वतःला एक प्रश्न विचारावा. आपला विषय पहिल्या आराखड्यातला आहे की दुसऱ्या? उत्तर चुकलं तर सगळी मेहनत चुकीच्या दारावर खर्च होते.

गोव्याचा अनुभव: थांबवलं, पण पुढे काय?

जमिनीच्या आराखड्यावर लोकांनी आवाज उठवल्याचं आपल्या भागातलं सर्वांत मोठं उदाहरण गोव्याचं आहे. 'प्रादेशिक आराखडा २०११' ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला. नकाशे लोकांच्या हाती आले तेव्हा शेतं, बागायती आणि डोंगरउतार यांचे मोठे पट्टे वसाहत क्षेत्रात रंगवलेले दिसले. नकाशावरचा रंग बदलला की जमिनीची किंमत बदलते आणि गावाचं रूपही बदलतं, हे लोकांना लगेच उमगलं.

त्यातून 'गोवा बचाव अभियान' उभं राहिलं. डॉ. ऑस्कर रिबेलो त्याचे निमंत्रक होते. वास्तुरचनाकार, वकील, शिक्षक, शेतकरी असे वेगवेगळे लोक त्यात आले. अभियानानं सभा-मोर्चे तर केलेच, पण गावोगाव जाऊन नकाशे कसे वाचायचे हेही समजावलं. आपलं शेत नकाशात कुठल्या रंगात आहे हे ज्याला कळलं, त्याला भाषण ऐकवायची गरज उरली नाही. जानेवारी २००७ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांच्या सरकारला आराखडा मागे घेण्याची घोषणा करावी लागली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी राज्यातले विशेष आर्थिक क्षेत्रांचे प्रकल्प रद्द करण्याची घोषणा केली. त्यामागेही लोकांचाच रेटा होता.

खरी परीक्षा पुढे होती. नवा आराखडा करण्यासाठी कृतिदल नेमलं गेलं. विख्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया त्यात होते. 'प्रादेशिक आराखडा २०२१' तयार करताना गाव हा घटक धरला गेला. गावनिहाय नकाशे पंचायतींकडे गेले, गावपातळीवर समित्या बसल्या आणि सूचना लिहून पाठवल्या गेल्या. जंगल, पाणथळ जागा, खाजन शेती यांसारख्या भागांसाठी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील असे दोन वर्ग आखले गेले. गावांना आपला नकाशा स्वतः तपासायला मिळणं ही मोठीच गोष्ट होती.

पण २०११ मध्ये तालुक्यांचे अंतिम नकाशे प्रसिद्ध झाले तेव्हा अनेक गावांनी तक्रार केली, की आम्ही सुचवलं एक आणि छापलं गेलं दुसरंच. पुन्हा आंदोलनं झाली. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर यांचं सरकार आल्यावर तो आराखडा स्थगित ठेवला गेला. काही वर्षांनी तो पुन्हा वापरात आला.

त्यानंतर प्रश्नाचं रूप बदललं. संपूर्ण आराखडा बदलण्याऐवजी एकेका भूखंडाचा झोन बदलण्याची वाट नगरनियोजन कायद्यातल्या दुरुस्त्यांनी मोकळी करून दिली. २०२३ च्या दुरुस्तीतलं कलम १७(२) हे त्याचं ठळक उदाहरण. आराखड्यात राहिलेल्या चुका सुधारायच्या, असं त्याचं कारण सांगितलं गेलं. त्याविरुद्ध गोवा फाउंडेशन आणि गोवा बचाव अभियान यांच्यासह काही संस्था न्यायालयात गेल्या. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं या कलमाखालचे नियम रद्द केले.

या सगळ्या प्रवासातून गावांसाठी निघणारा धडा साधा आहे. संपूर्ण आराखडा बदलतो तेव्हा गाव जागं होतं, कारण ती मोठी बातमी असते. एकेक भूखंड बदलतो तेव्हा राजपत्रात चार ओळी येतात, आणि त्या वाचायला गावात कुणी नसतं. म्हणून गटानं दोनतीन माणसांकडे एवढंच काम द्यावं. राजपत्र आणि वर्तमानपत्रांतल्या जाहीर सूचना नियमित पाहायच्या, आणि आपल्या गावाचं नाव किंवा सर्व्हे नंबर दिसला की लगेच कळवायचं.

मेळावली: नावच उताऱ्यावर नसेल तर?

सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावलीचा प्रश्न वेगळ्या कारणानं लक्षात ठेवण्यासारखा आहे. आयआयटीच्या संकुलासाठी तिथली जागा निवडली गेली. कागदोपत्री जमीन सरकारी होती, पण तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या ती कसत आले होते. काजू आणि शेती यांवरच त्यांचं पोट. जानेवारी २०२१ मध्ये मोजणीच्या वेळी पोलीस आणि ग्रामस्थ समोरासमोर आले. त्याच महिन्यात मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी प्रकल्प मेळावलीतून हलवण्याची घोषणा केली.

त्या आंदोलनात बायका पुढे होत्या, आणि प्रश्न शिक्षणसंस्थेला विरोध करण्याचा नव्हता. कसणाऱ्याचं नाव उताऱ्यावर नाही, हा खरा प्रश्न होता. गोव्यात एक-चौदाचा उतारा, महाराष्ट्रात सातबारा, बेळगाव भागात पहाणीचा उतारा. नाव काहीही असो, नियोजन करणारा अधिकारी आधी तोच कागद बघतो. कागदावर जमीन मोकळी दिसली की ती रिकामी आहे असं धरलं जातं. वहिवाट, पाणंद, गुरं चारायची जागा, देवराई, स्मशानाची वाट यांची नोंद अनेक गावांत कुठेच नसते. ती करून घेणं हे गटाचं शांततेच्या काळातलं सर्वांत मोठं काम आहे.

बेळगाव परिसर: वस्तीपासून सुरुवात

कर्नाटकानं २०१५ मध्ये आपल्या १९९३ च्या पंचायत कायद्यात मोठी दुरुस्ती केली. कायद्याच्या नावातही 'ग्रामस्वराज' हा शब्द आला. या कायद्यात ग्रामसभेच्या खाली दोन पायऱ्या आहेत. सर्वांत खाली जनवसती सभा, म्हणजे एकेका वस्तीची बैठक. तिच्यावर वॉर्ड सभा आणि मग ग्रामसभा. मागण्या खालून वर जाव्यात अशी ही रचना आहे.

ती का महत्त्वाची आहे? कर्नाटकातली ग्रामपंचायत बहुधा अनेक गावांची मिळून असते. मोठ्या गावात ग्रामसभा भरते आणि चार किलोमीटरवरच्या लहान गावाचं कुणी ऐकत नाही, ही तक्रार नेहमीची. अशा लहान गावांनी ग्रामसभेत जाऊन ओरडण्यापेक्षा आपल्या वस्तीची आणि वॉर्डाची सभा वेळेवर मागून घ्यावी. तिथे ठरलेल्या कामांचा क्रम लिहून त्यावर सह्या घ्याव्यात आणि तो कागद पंचायत विकास अधिकाऱ्याकडे, म्हणजे पीडीओंकडे, पोच घेऊन द्यावा. मग ग्रामसभेत तो विषय 'आयत्या वेळचा' राहत नाही.

कर्नाटकात मुलांच्या ग्रामसभाही घेतल्या जातात. शाळेच्या वाटेवरचा ओढा, मुलींसाठी स्वच्छतागृह, गावात येणारी बस असे विषय तिथे निघतात. मोठ्यांच्या सभेत हे विषय बहुधा शेवटी येतात किंवा येतच नाहीत.

रस्त्यांसाठीच्या भूसंपादनाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी रस्त्यावर आणि न्यायालयात दीर्घकाळ विरोध केला. रिंगरोडच्या प्रस्तावावरही बेळगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हरकती दिल्या. अशा वेळी मुदतीचं गणित पाठ असायला हवं.

राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ खाली जमीन घेतली जात असेल, तर ३-अ ची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत हरकत द्यावी लागते. ती जमिनीशी हितसंबंध असलेल्या व्यक्तीनं लेखी द्यायची असते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवस मिळतात, आणि त्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास व जनसुनावणी होते. ज्या प्रकल्पाला पर्यावरण परवानगीसाठी जनसुनावणी लागते, तिथे किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध असावा लागतो.

म्हणजे आपल्या जमिनीवर आलेली अधिसूचना कुठल्या कायद्याखाली आहे, हे पहिल्या दिवशी कळलं पाहिजे. २१ दिवसांच्या मुदतीत तीन रविवार येतात. पहिला रविवार बैठकीत, दुसरा नेत्यांना भेटण्यात गेला, तर तिसऱ्या रविवारी कागद करायला वेळ उरत नाही. आणि गावाचा एक सामूहिक ठराव दिला म्हणजे काम झालं, असंही नाही. प्रत्येक खातेदाराची वेगळी हरकत लागते. गटाचं काम म्हणजे मजकूर तयार करून देणं, उतारे जोडणं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही कचेरीपर्यंत नेऊन पोच मिळवून देणं.

भाषेचा अडसर आणि घटनेचा आधार

सीमाभागातल्या वाचकांना हा भाग वेगळा सांगायला नको. नोटीस कन्नडमध्ये लागते, नकाशावरची सूची इंग्रजीत असते, आणि जिची जमीन जाणार ती आजी फक्त मराठी वाचते. त्यामुळे हरकतीची मुदत नकळत निघून जाते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. घटनेच्या कलम ३५० नुसार कोणतीही व्यक्ती आपल्या गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देऊ शकते. म्हणजे मराठीत लिहिलं म्हणून गाऱ्हाणं बाद होत नाही. दुसरी गोष्ट, जिथे भाषिक अल्पसंख्याकांचं प्रमाण १५ टक्के किंवा जास्त आहे तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असं देशात मान्य झालेलं धोरण आहे. त्याच्या पाहणीसाठी कलम ३५०-ख नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी असतो.

व्यवहारात मात्र हक्क आणि सोय दोन्ही सांभाळावं. अर्ज मराठीत द्यावा आणि सोबत कन्नड प्रत जोडावी. अधिकाऱ्याला वाचण्याचं कारण उरू नये आणि गावकऱ्याला सही कशावर केली हे कळावं. भाषेचा प्रश्न हा सीमाप्रश्नाचा भाग आहेच, पण नियोजनाच्या बाबतीत तो आधी माहितीचा प्रश्न आहे. आणि ज्या गावात मराठी आणि कन्नड बोलणारे दोघंही राहतात, तिथे बायपासनं जाणारी जमीन दोघांचीही असते. अशा गावात गट एकाच भाषेच्या लोकांचा झाला की तो पहिल्या दिवसापासून अर्धा होतो.

मेंढा-लेखा: अभ्यास वेगळा, निर्णय वेगळा

गट कसा चालवावा याचं चांगलं उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावानं घालून दिलं आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर माहीत आहे. तिच्यामागची कार्यपद्धती मात्र कमी लोकांना माहीत असते.

तिथे अभ्यासगट आणि ग्रामसभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासगटात कुणीही यावं, बाहेरच्या जाणकारांनीही यावं. कायदा समजून घ्यावा, शंका काढाव्यात, वाद घालावा. पण निर्णय तिथे घ्यायचा नाही. निर्णय घ्यायचा तो फक्त ग्रामसभेनं, आणि तोही सर्वसहमतीनं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या अनेक वर्षांच्या कामातून ही पद्धत रुजली.

परिणाम काय झाला? वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत त्याचं नाव आहे. हक्क मिळाला तरी बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना मिळत नव्हता. तो प्रश्नही गावानं लावून धरला, आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

मेंढ्याच्या पाठीशी वनहक्क कायदा होता, सगळ्या गावांच्या पाठीशी तो नसतो, हे खरं. त्याच कायद्याच्या आधारे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ओडिशातल्या नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला, आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. सपाटीवरच्या बिगरआदिवासी गावाला एवढं बळ कायदा देत नाही. पण अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवण्याची पद्धत कुठल्याही गावाला उचलता येते. त्यानं गट ग्रामसभेच्या डोक्यावर बसत नाही आणि ग्रामसभा अभ्यासाशिवाय हात वर करत नाही.

राज्यागणिक ग्रामसभा

महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. इथे एक खाच आहे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला ती अट राहत नाही. म्हणजे 'आपण गेलोच नाही तर सभा होणार नाही' हा समज महागात पडतो. तहकूब सभेत दहा माणसंही ठराव करून मोकळी होतात.

गोव्यात ग्रामसभा बहुधा रविवारी होतात, आणि तिथल्या वादळी ग्रामसभांच्या बातम्या सोमवारच्या वर्तमानपत्रांत वाचायला मिळतात. पण सभा गाजली आणि इतिवृत्तात दोनच ओळी आल्या, असंही घडतं. म्हणून इतिवृत्ताची प्रत मागणं सभेइतकंच महत्त्वाचं आहे.

तेलंगणात २०१८ च्या कायद्यानं दर दोन महिन्यांनी ग्रामसभा सांगितली आहे. मध्य प्रदेशात पंचायतीच्या नव्हे तर गावाच्या पातळीवर ग्रामसभा मानली जाते. हैदराबाद किंवा इंदूरला स्थायिक झालेल्या, पण जवळच्या खेड्यात शेती राखून असलेल्या कुटुंबांना याचा उपयोग होतो. मात्र मतदारयादीत नाव जिथे, ग्रामसभेत बसण्याचा हक्क तिथेच, हे विसरू नये. जमीनमालक म्हणून हरकत देता येते, पण ग्रामसभेत मत देता येत नाही.

गट बांधताना

वरच्या अनुभवांवरून गटासाठी कामाची एक साधी यादी करता येते.

- वाडावार माणसं घ्या. प्रत्येक वाडा, गल्ली, वस्ती यांतून किमान एक बाई आणि एक पुरुष. भूमिहीन आणि कुळं यांना वगळलं तर तो जमीनमालकांचा गट होतो, गावाचा नव्हे.
- शिवारफेरी काढा. गावनकाशा हातात घेऊन पूर्ण हद्द पायी फिरा. झरे, ओढे, पाणंदी, पूर येतो त्या जागा, चराऊ जमीन यांची खूण करा. जुन्या माणसांना सोबत घ्या. वाटांची नावं त्यांनाच माहीत असतात.
- दोन याद्या करा. गावाला काय नको ही एक, आणि काय हवं ही दुसरी. बायपास इथून नको, तर मग कुठून? पर्याय नकाशावर दाखवता आला तर अधिकाऱ्याला उत्तर देणं भाग पडतं.
- ठराव नेमका लिहा. 'गावाचा विकास करावा' या ठरावाला काहीच अर्थ नाही. सर्व्हे नंबर, लांबी, कारण आणि मागणी एकेका वाक्यात लिहा.
- पोच आणि इतिवृत्त सांभाळा. दिलेल्या प्रत्येक कागदाची शिक्क्यासह प्रत ठेवा. इतिवृत्त मिळत नसेल तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली अर्ज करा. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.
- हिशेब उघडा ठेवा. वर्गणी घेतली तर खर्च देवळाच्या किंवा पंचायतीच्या फलकावर लावा. गट फुटतात ते बहुधा पैशावरून आणि श्रेयावरून.

गटाच्या मर्यादा

रहिवाशांच्या गटाला कुणी निवडून दिलेलं नसतं, हे विसरून चालत नाही. तो गावाचा आवाज पोहोचवतो, पण तो म्हणजेच गाव नव्हे. काही ठिकाणी गट पुढाऱ्याच्या ताब्यात जातो, काही ठिकाणी शहरात राहणारी दोनचार शिकलेली मंडळी गावाच्या नावानं बोलू लागतात. कधी गटाला नको असलेला रस्ता वरच्या वस्तीला हवा असतो, कारण त्यांच्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला दुसरी वाटच नसते. असा मतभेद झाकण्यापेक्षा तोही ग्रामसभेत मांडून नोंदवावा. मतभेद नोंदवलेला ठराव न्यायालयात आणि कचेरीत जास्त खरा वाटतो.

पंचायत सदस्यांशी कायमचं भांडणही परवडत नाही. सरपंच आणि पंच यांची सही लागतेच. गटानं त्यांचा अभ्यास सोपा करून द्यावा आणि श्रेय त्यांना घेऊ द्यावं. गावात हे शहाणपण जुनंच आहे.

आणि शेवटी, आराखडा एकदाच होत नाही. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरवर्षी होतो, प्रादेशिक आराखडे काही वर्षांनी बदलतात, आणि मधल्या काळात झोन बदलण्याचे प्रयत्न चालूच राहतात. संकटाच्या वेळी जमलेला गट संकट टळल्यावर पांगतो, आणि पुढची अधिसूचना नेमकी त्यानंतर येते. म्हणून आंदोलन नसतानाही महिन्याला एक बैठक व्हावी. पुढच्या ग्रामसभेची नोटीस चावडीवर लागेल तेव्हा तिचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाका, विषयपत्रिका वाचा, आणि आपल्या वाड्याचा विषय त्यात नसेल तर सभेआधीच लेखी द्या.